फुस्स केलं, पण उरलं काय?

(मोटरसायकल आणि स्प्रेचे डबे : एक उपयोगी अभ्यास)
– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये गाडीला काहीही होवो, उपाय ठरलेला आहे. चेन वाजतेय? स्प्रे मार. किल्ली फिरत नाही? स्प्रे मार. नट सुटत नाही, स्टँड गंजलाय, ब्रेक कुरकुरतोय... स्प्रे मार! प्रत्येक विंगमध्ये एकाकडे तरी तो निळा-पिवळा डबा असतोच. मालक तळमजल्यावर आणि डबा तिसऱ्या मजल्यावर, अशी त्याची कायम भटकंती चालू असते. मालकाच्या हाती परत येतो तेव्हा त्यात फक्त हवा उरलेली असते.

डब्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी स्वतः तो वापरतो. पण 'स्प्रे' हे काही औषधाचं नाव नव्हे, ती औषध बाहेर काढायची पद्धत आहे. फुस्स करून डासांचं औषध येतं, दाढीचा फेस येतो आणि चेनचं वंगणही येतं. म्हणून कोणी आपण होऊन दाढीचा फेस चेनला लावत नाही. मग वंगणाच्या बाबतीतच आपण सगळे डबे एका माळेचे मणी का समजतो?

डबा हातात घेतल्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारायचा : फुस्स केल्यावर दहा मिनिटांनी त्या जागी काय उरणार आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरावर चेनचं आयुष्य, खिशातले पैसे आणि काही वेळा आपली हाडंसुद्धा अवलंबून असतात. कसं ते बघू.

डब्यात असतं तरी काय?

कुठल्याही स्प्रेच्या डब्यात ढोबळमानाने तीन गोष्टी असतात. पहिली, आतला माल बाहेर ढकलणारा वायू म्हणजे प्रोपेलंट. दुसरी, पातळ आणि लवकर उडून जाणारा द्रव म्हणजे सॉल्व्हंट. तिसरी, ज्यासाठी आपण पैसे मोजतो तो खरा माल : तेल, मेण, सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचे बारीक कण.

डब्यातून फवारा उडवायची ही युक्ती नॉर्वेचे अभियंता एरिक रोथहाइम यांनी १९२० च्या दशकात काढली. पुढे बरीच वर्षं ढकलणारा वायू म्हणून सीएफसी वापरत. त्याने ओझोनचा थर विरळ होतो हे कळल्यावर १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला आणि सीएफसी मागे पडले. आज बऱ्याच डब्यांत प्रोपेन-ब्युटेन, म्हणजे आपल्या मेसच्या सिलिंडरमधल्या वायूची भावंडं असतात, तर काहींत कार्बन डायऑक्साइड असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आगीच्या मुद्द्यात लागणार आहे.

आता सॉल्व्हंट कशाला? घट्ट तेल बारीक फटीत लवकर शिरत नाही. फट जितकी अरुंद आणि द्रव जितका पातळ, तितकं केशाकर्षणाचं काम बरं चालतं. म्हणून घट्ट वंगण सॉल्व्हंटमध्ये पातळ करून डब्यात भरतात. फवारा मारला की ते पाण्यासारखं आत शिरतं, मग सॉल्व्हंट उडून जातो आणि घट्ट वंगण फटीत राहतं. एसटी प्रवाशाला गावात सोडून निघून जाते, तसंच हे. एसटी कितीही झकास असली तरी आत प्रवासीच नसेल तर गावात उतरणार कोण?

क्लीनरच्या डब्यात जवळजवळ सगळी एसटीच असते. ब्रेक क्लीनर, कॉन्टॅक्ट क्लीनर यांचं काम घाण धुऊन स्वतःही उडून जाणं. मागे काही उरता कामा नये, तोच त्यांचा गुण. चेन ल्यूबमधून जाड, चिकट थर उरायला हवा. गंज सोडवणाऱ्या तेलातून पातळसा थर उरतो. तिन्ही डबे दुकानात एकाच फळीवर शेजारी शेजारी उभे असतात आणि तिथेच आपला घोळ होतो.

निळ्या डब्याची जन्मकथा

डब्ल्यूडी-४० हे नाव आपण सगळे घेतो, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. 'डब्ल्यूडी' म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणे. '४०' म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात रॉकेट केमिकल कंपनी नावाच्या छोट्याशा कंपनीने हे मिश्रण तयार केलं. ते आधी वापरलं गेलं अॅटलास क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. १९५८ मध्ये ते दुकानात विकायला आलं आणि पुढे १९६९ मध्ये कंपनीने स्वतःचं नावच बदलून डब्याचं नाव घेतलं.

आता बघा, क्षेपणास्त्राला चेन नसते! पाणी बाजूला सारणं, पातळ थर देऊन गंज थोपवणं आणि जाम झालेलं सोडवणं ही या डब्याची खरी कामं. ती तो उत्तम करतो. त्यात तेल अजिबात नसतं असं नाही, पण मोठा हिस्सा हलक्या, पातळ हायड्रोकार्बनचा असतो आणि मागे राहतो तो थर चेनच्या मानाने फारच हलका. याच कंपनीने मोटरसायकलच्या चेनसाठी वेगळं ल्यूब काढलं आहे, यातच सगळं आलं. एकाच डब्यात भागलं असतं तर त्यांनी दुसरा कशाला काढला असता?

चेनच्या पोटात

मशीन डिझाइनच्या तासाला चेन ड्राइव्ह शिकताना आपण बहुतेक मागच्या बाकावर असतो. म्हणून थोडी उजळणी. हॅन्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला बुश रोलर चेनचा शोध लावला. आजही आपल्या गाडीत तीच रचना आहे : मध्ये पिन, तिच्यावर बुश, बुशवर फिरणारा रोलर. बाहेरून आपल्याला रोलर आणि पट्ट्या दिसतात. झीज मात्र पिन आणि बुश यांच्या मधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीत होते.

किती काम असतं त्या फटीत? चला, गणित करू. समजा गाडी ताशी ६० किमीने चालली आहे, मागच्या चाकाचा घेर १.९ मीटर, पुढचं सॉकेट १४ दात्यांचं, मागचं ४२ दात्यांचं आणि चेनला १०६ कड्या. मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ५२६ फेरे. गुणिले ४२, म्हणजे मिनिटाला सुमारे २२,१०० कड्या मागच्या सॉकेटवरून जातात. भागिले १०६, म्हणजे प्रत्येक कडी मिनिटाला साधारण २०८ प्रदक्षिणा घालते. एका प्रदक्षिणेत ती चार वेळा वाकते किंवा सरळ होते : दोन्ही सॉकेटवर चढताना आणि उतरताना. म्हणजे मिनिटाला ८०० च्या वर आणि तासाला सुमारे ५० हजार वेळा! कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाईपर्यंत आपल्या चेनचं प्रत्येक सांध्याचं दुखणं किती वाढत असेल, विचार करा.

त्यात अजून एक गोम आहे. पिन बुशमध्ये पूर्ण फिरत नाही, नुसती डोलते. १४ दात्यांच्या सॉकेटवर ३६० भागिले १४, म्हणजे सुमारे २६ अंश. ४२ दात्यांच्या सॉकेटवर साडेआठ अंश. स्ट्रीबेक यांचा आलेख आठवत असेल तर कळेल : तेलाची जाड फिल्म तयार व्हायला सलग वेग लागतो. इथे वेग वाढतो न वाढतो तोच दिशा बदलते. त्यामुळे धातूवर धातू घासण्याची वेळ सारखी येते. अशा ठिकाणी पातळ तेल दाबाखाली पिळून बाहेर जातं. तिथे लागतं ते घट्ट, चिकटून राहणारं आणि दाब सोसणारी द्रव्यं असलेलं वंगण. आपल्या गॅरेजमध्ये ज्याला '९० नंबर ऑइल' म्हणतात ते गिअर ऑइल याच जातीचं.

'चेन ताणली गेली' असं आपण म्हणतो. खरं तर पोलादी पट्ट्या फारशा ताणल्या जात नाहीत. प्रत्येक पिन-बुशमध्ये केसभर झीज होते आणि शंभरेक केस मिळून चेन लांब झाल्यासारखी दिसते. हे मोजता येतं. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. तिच्यातला पहिला ४ म्हणजे चार अष्टमांश इंच, अर्थात १२.७ मिमी पिच. चेन ताठ धरून २१ पिना मोजा. पहिल्या पिनेच्या केंद्रापासून एकविसाव्या पिनेच्या केंद्रापर्यंत २० पिच होतात, म्हणजे नव्या चेनचं अंतर २५४ मिमी. ते २५९ च्या आसपास गेलं, म्हणजे २ टक्के वाढलं, की चेन संपली असं समजा. अशी चेन सॉकेटचे दातेही खाते, म्हणून मेकॅनिक पूर्ण 'चेन सॉकेट सेट' बदलायला सांगतो. तो दरवेळी आपल्याला लुटत नसतो, बरं का!

एक साधा प्रयोग

वाचून विश्वास ठेवू नका, करून बघा. मागच्या सेमिस्टरला मी फुटलेल्या खिडकीच्या काचेचा एक तुकडा घेतला (कडांना चिकटपट्टी लावून). त्यावर तीन पट्ट्या ओढल्या : एक पाणी हटवणाऱ्या स्प्रेची, एक चेन ल्यूबची, एक ९० नंबर ऑइलची. काच भिंतीला टेकवून रात्रभर उभी ठेवली. सकाळी पहिल्या पट्टीच्या जागी बोट फिरवल्यावर जेमतेम ओशटपणा लागला. ९० नंबर ऑइल बरंच खाली ओघळलं होतं, तरी जागेवर जाडसर थर होता. चेन ल्यूब जिथल्या तिथे होतं आणि बोट उचललं की तार सुटत होती.

मग काचेवर चिमूटभर माती भुरभुरली. सगळ्यात जास्त माती धरली ती चेन ल्यूबने. म्हणजे चिकटपणा दुधारी आहे. तो पिन आणि बुशच्या मध्ये हवा, चेनच्या बाहेरच्या अंगाला नको. तिथे तो माती धरून पॉलिश पेपरचं काम करतो. ल्यूब मारल्यावर वरून फडक्याने पुसायचं का, याचं उत्तर काचेनेच दिलं.

कुठे काय मारायचं?

चेन : चेन ल्यूब किंवा ९० नंबर ऑइल. ज्यांना दोनशे-तीनशे रुपयांचा हिशोब करावा लागतो (म्हणजे आपण सगळेच), त्यांनी ऑइलची छोटी बाटली आणि जुना टूथब्रश घ्यावा. काम तेच होतं, हात जरा जास्त काळे होतात.

ओ-रिंगची चेन : कड्यांच्या पट्ट्यांमध्ये बारीक रबरी रिंगा दिसतात. यात ग्रीस कारखान्यातच आत बंद केलेलं असतं. बाहेरून ल्यूब मारायचं ते रोलर, सॉकेट आणि रबरासाठी. पेट्रोल, थिनर आणि तारेचा ब्रश यांपासून ही चेन लांब ठेवा. रिंग गेली की आतलं ग्रीस गेलं. डब्यावर 'ओ-रिंग चेनसाठी चालेल' असं लिहिलेलं बघूनच घ्या.

जाम नट-बोल्ट : इथे निळा डबा किंवा गंज सोडवणारं तेल. मारा आणि थांबा! आपण फुस्स करून लगेच पान्ह्याला लटकतो, त्याने नटाचे कोपरे जातात. पंधरा-वीस मिनिटं द्या, पान्ह्याच्या दांड्याने हलके ठोके मारा, परत मारा.

पावसात भिजलेली गाडी : प्लगची कॅप, वायरचे जोड, हँडलवरची बटणं. पाणी हटवायचं असल्याने निळा डबा इथे घरचाच माणूस. इलेक्ट्रिकच्या जोडांना कॉन्टॅक्ट क्लीनर त्याहून बरा.

क्लच वायर : पातळ तेल, थेंब थेंब. काही नव्या वायरींना आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं, त्यांना तेलाची गरज नसते. गाडीचं पुस्तक बघा.

कुलूप : ग्रॅफाइटची पावडर किंवा कोरडं वंगण. तेलकट स्प्रेने आज किल्ली फिरते, पण पुढे धूळ आत साचून लोणी होतं.

स्टँडचा आणि ब्रेकच्या पायडलचा सांधा : आधी घाण सोडवायला निळा डबा, पुसून घ्या, मग ग्रीस. पहिली पायरी करून दुसरी विसरणारेच जास्त. आमच्या गल्लीतले मिस्त्रीकाका याला म्हणतात, "आंघोळ घातलीस रे पोरा, जेवायला कोण घालणार?"

कुठे अजिबात नाही

ब्रेक. डिस्क, पॅड, ड्रम, लायनर – कुठलाही तेलकट स्प्रे इथे वर्ज्य. ब्रेक कुरकुरतो म्हणून त्याला तेल पाजणं म्हणजे बाळ रडतं म्हणून त्याचं तोंड दाबणं. ब्रेक घर्षणावर चालतो आणि आपण घर्षणच काढून घेतो. आवाज जातो हे खरं, पण ब्रेकही जातो.

आकडाच बघा. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक लावल्यावर ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी मंदगती मिळत असेल, तर गाडी सुमारे २८ मीटरवर थांबते. मंदगती निम्मी झाली तर तेच अंतर ५६ मीटर. मधले २८ मीटर म्हणजे जवळजवळ तीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या इतके. घाटातल्या वळणावर समोर ट्रक असेल तर हे २८ मीटर आणायचे कुठून?

बरेचदा आपण ब्रेकवर मुद्दाम मारत नाही, चेनला मारताना फवारा पलीकडे उडतो. मागे डिस्क असेल तर चेनला मारण्याआधी तिच्यावर प्लास्टिकची पिशवी घाला आणि टायरच्या आड पुठ्ठा किंवा जुना पेपर धरा. चुकून उडालंच तर डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा. पॅड किंवा लायनर तेल प्यायले असतील तर ते बदला, मोह धरू नका.

डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या सीलनासुद्धा पेट्रोलियम तेल चालत नाही. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक फ्लुइडसोबत चालणारं रबर खनिज तेलाने फुगतं. तसंच चकाकी यावी म्हणून सीटवर, हँडलच्या मुठींवर किंवा टायरवर सिलिकॉन स्प्रे मारू नये. गाडी चकचकीत दिसते आणि पहिल्याच वळणावर स्वार वेगळा, गाडी वेगळी!

चेनला ल्यूब मारायची पद्धत

१. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रल, डबल स्टँडवर. डबल स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड, नाहीतर मित्राला गाडी धरायला सांगून थोडी थोडी पुढे ढकलत करा.

२. किल्ली खिशात हे मी मुद्दाम पहिलं लिहिलं आहे. इंजिन चालू, पहिला गिअर, चाक आपोआप फिरतंय आणि पठ्ठ्या चेनवर फडकं धरून बसलाय, हे दृश्य आपल्या पार्किंगमध्ये नवीन नाही. वर आपण हिशोब केला की ताशी ६० ला मिनिटाला हजारो कड्या सॉकेटवरून जातात. गाडी नुसती आयडलवर असली तरी फडक्याचा धागा अडकल्यावर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. चेन आणि सॉकेटमध्ये सापडलेलं बोट परत मिळत नाही. चाक हातानेच फिरवायचं, तेही उलट्या दिशेने. प्रात्यक्षिकाला वर्कशॉपमध्ये जी शिस्त पाळतो तीच इथे.

३. आधी साफ करा. चेन क्लीनर किंवा थोडं डिझेल, मऊ ब्रश आणि फडकं. (रॉकेल आता पूर्वीसारखं सहज मिळत नाही.) कोरडं पुसून घ्या. घाणीवर मारलेलं ल्यूब घाणीलाच लागतं.

४. चेनच्या खालच्या पट्ट्याच्या आतल्या अंगावर, पट्ट्यांच्या जोडांवर फवारा मारा. गाडी चालली की वंगण बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, म्हणून आतून सुरुवात. पूर्ण कव्हर असलेल्या गाडीत कव्हरवरचं रबरी बूच काढून तिथून मारा, चाक फिरवत राहा.

५. थांबा. सॉल्व्हंट उडायला वेळ द्या. सगळ्यात सोपं म्हणजे संध्याकाळी फिरून आल्यावर कोमट चेनवर मारायचं आणि सकाळपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मारून लगेच निघालात तर निम्मं ल्यूब मडगार्डला आणि निम्मं पँटला.

६. बाहेरून जादाचं पुसून टाका. मग ढील तपासा. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिमीच्या दरम्यान चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. फार घट्ट चेनही वाईट, ती बेअरिंग खाते.

साध्या चेनला हे साधारण ५०० किमीला एकदा करावं. पावसाळ्यात आणि गाडी धुतल्यावर त्याआधीच.

खोलीत ठेवताना

हे होस्टेलमधल्या सगळ्यांसाठी, रेक्टरसरांसाठी आणि गार्डकाकांसाठीसुद्धा. बऱ्याच डब्यांतला वायू आणि सॉल्व्हंट दोन्ही पेट घेतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ, सिगारेटजवळ, खोलीतल्या (चोरून ठेवलेल्या!) हीटरजवळ स्प्रे मारू नका. डबा उन्हात, बंद गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर ठेवू नका. ५० अंशांच्या वर तापू देऊ नये असं बहुतेक डब्यांवर छापलेलं असतं. रिकामा वाटला तरी खिळ्याने भोक पाडू नका आणि शेकोटीत तर मुळीच टाकू नका. फवारणी उघड्या हवेत करा. तेलाची फडकी चोळामोळा करून पलंगाखाली साठवू नका.

विंगमध्ये वर्गणी काढून तीन वस्तू ठेवता येतील : एक निळा डबा, एक चेन ल्यूब किंवा ९० नंबर ऑइलची बाटली, एक ब्रेक क्लीनर. तिन्हींवर जाड मार्करने एकेक शब्द लिहा : 'सोडवायला', 'वंगणाला', 'धुवायला'. फर्स्ट इयरच्या मुलाने अंधारात डबा उचलला तरी चूक होणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत निम्मं होस्टेल गाड्यांवर घरी निघतं, कोणी आंबा घाटातून, कोणी कुंभार्लीतून. निघायच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास चेनला आणि ब्रेकला द्या, आणि सकाळी शांतपणे निघा. घरी वाट बघणारे असतात.